योनासच्या गुडघ्याचा ऑक्टोबर

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा लागला की आमच्या स्टेशनवरून घराकडे येणाऱ्या चढावर किनमोकुसेई फुलतं. झाड शोधावं लागत नाही, नाकच सांगतं. फुलं बाजरीच्या दाण्याएवढी, नारिंगी, पानांच्या बगलेत लपून बसलेली. पण वास असा की कुणीतरी जर्दाळूचा मुरंबा गॅसवर ठेवून विसरून गेलंय आणि सबंध गल्ली त्या पाकात मुरलीय. ऑफिसातले माझे जपानी सहकारी डोळे मिटून लांब श्वास घेतात आणि म्हणतात, शरद आला. माझी बायको वृंदा नाक मुरडते, कारण इथं एके काळी संडासात ठेवायच्या सुगंधी डब्या याच वासाच्या असत आणि आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात तिनं वर्षभर तो वास सोसलाय. मला हा वास आला की एक स्वीडिश गुडघा आठवतो.

उजवा.

आता एखाद्याला ऋतूबरोबर प्रेयसी आठवते, एखाद्याला आईच्या हातचं काही. माझ्या वाट्याला गुडघा आला त्याला मी काय करू? आणि तोही माझा नाही. माझे दोन्ही ठणठणीत आहेत, ती एक लाजिरवाणी गोष्ट आहेच.

ईशान्य जपानातल्या त्या मोठ्या भूकंपानंतर दोन वर्षांनी माझ्या मुंबईच्या ट्रेडिंग कंपनीनं मला ओसाकाला पाठवलं. आम्ही पोलादी नळ आणि त्यांचे जोड विकतो. यापेक्षा रुक्ष धंदा मला माहीत नाही, आणि मी त्यात पंचवीस वर्षं काढलीत. माझ्या आधी या खुर्चीवर बसणारा माणूस भूकंपाच्या आठवड्यात सामानसुमान टाकून मुंबईला गेला तो परत आलाच नाही. ओसाकाला तेव्हा झुंबरंसुद्धा धड हलली नव्हती. त्याच्या टेबलाच्या खणात मला फरसाणाची अर्धी पुडी सापडली, रबरबँड लावलेली. जपानी सहकाऱ्यांनी ती दोन वर्षं जशीच्या तशी ठेवली होती. त्याच्याबद्दल कुणी वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही, आणि तेच फार वाईट होतं. मी रुजू झालो त्या दिवशी मॅनेजरांनी अतिशय नम्रपणे विचारलं, "दिघे-सान, तुम्ही राहणार ना?"

आम्हाला घर मिळालं ते शहराच्या उत्तरेकडच्या उपनगरात, एका सहा मजली इमारतीत. तिला इथं मॅन्शन म्हणतात. मुंबईला फोन करून मी सगळ्यांना सांगितलं की मी मॅन्शनमध्ये राहतो, आणि सासऱ्यांचा माझ्याविषयीचा आदर एका रात्रीत वाढला. पुढं ते राहायला आले, आणि बाथरूमचं दार उघडल्यावर स्वयंपाकघराचं दार बंद होतं हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. असो.

तळमजल्यावर नाकानिशी-सान राहायच्या. सत्तरीच्या, विधवा, कुरळे केस जांभळट रंगवलेले, पर्समध्ये कायम गोळ्यांची पिशवी. चॉकलेटच्या नव्हेत, साखरेच्या. ओसाकाच्या आजीबाई भेटलेल्या माणसाच्या हातात गोळी ठेवल्याशिवाय पुढं जात नाहीत. इमारतीचा सगळा कारभार त्यांच्याकडे, आणि त्यांच्या आयुष्यातलं एकमेव व्यसन म्हणजे आमच्या उपनगराचा फुटबॉल क्लब. क्लब तसा गरीब, दुसऱ्या फळीतला, रंग हिरवा. त्यांचा गळपट्टा हिरवा, छत्री हिरवी, देवघरात नवऱ्याच्या फोटोखालचं वस्त्रसुद्धा हिरवं. "नवरा क्लबाचा होता का हो?" मी एकदा विचारलं. "छे! त्याला बेसबॉल आवडायचं. आता त्याला विचारतो कोण!"

आणि सहाव्या मजल्यावर, आमच्या शेजारी, पुढच्या वर्षीच्या मार्चात राहायला आला योनास. क्लबाचा नवा परदेशी स्ट्रायकर. भूकंपाला तीन वर्षं झाली होती. योनास बत्तिशीचा, उंची अशी की आमच्या लिफ्टमध्ये तो मान तिरकी करून उभा राहायचा, आणि दाढी तांबूस. पहिल्याच दिवशी नाकानिशी-साननी त्याला वाकून नमस्कार केला, त्यानं वाकून परत केला, आणि वर येताना त्याचं डोकं टपालपेट्यांच्या फळीवर असं आपटलं की सहा मजल्यांवर ऐकू आलं. त्यानं फळीलाही वाकून नमस्कार केला. त्याच क्षणी मला तो आवडला.

मी क्रिकेटचा माणूस. फुटबॉलमधलं मला एवढंच कळतं की चेंडू जाळ्यात गेला पाहिजे. पण शेजारधर्म म्हणून शनिवार-रविवारी नाकानिशी-सानच्या शेजारी स्टेडियममध्ये बसू लागलो. इथं प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं गाणं असतं. तो मैदानावर आला की पाठीराखे ते म्हणतात. योनासचं गाणं सगळ्यात छोटं होतं. त्याचं नाव, मग तीन टाळ्या, पुन्हा नाव. उरलेल्या ओळी त्यानं गोल मारल्यावर रचायच्या, असं ठरलं होतं.

त्या ओळी रचल्याच गेल्या नाहीत. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत योनासनं एकही गोल केला नाही. मारायचा, नाही असं नाही. खांबावर मारला, आडव्या दांडीवर मारला, गोलरक्षकाच्या पोटावर मारला, एकदा पंचाच्या पाठीवर मारला आणि धावत जाऊन त्याची क्षमा मागितली. जूनमध्ये समोर उघडं जाळं होतं, गोलरक्षक पलीकडे आडवा पडलेला, माझी सासूसुद्धा तो गोल करती. योनासनं चेंडू असा उंच उडवला की तो मागच्या बांबूंत गेला आणि सापडला नाही. नाकानिशी-सान शांतपणे म्हणाल्या, "पायात जोर आहे हो त्याच्या."

मॅच हरल्यावर इथले खेळाडू घरी पळत नाहीत. ओळीनं सबंध मैदानाला फेरी मारतात, प्रत्येक बाजूच्या प्रेक्षकांसमोर थांबतात आणि कमरेत वाकतात. क्लब हरायचाच, त्यामुळे हा कार्यक्रम नेहमीचाच. सगळे वर यायचे तेव्हा योनास अजून खाली वाकलेलाच असायचा. मला वाटायचं, हा लाजतोय. लाजत होताच, पण वाकलेल्या माणसाला आपला गुडघा हळूच दाबून धरता येतो, हे मला नंतर कळलं.

सप्टेंबरात हवा उतरली आणि कोनबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, काउंटरवर ओदेनची भांडी दिसू लागली: कोमट रश्श्यात मुळ्याच्या जाड चकत्या, अंडी, माशाचे गोळे. मी ऑफिसातून येताना दोन द्रोण घ्यायचो आणि योनासबरोबर इमारतीसमोरच्या बाकावर बसायचो. त्याला मुळा फार आवडायचा. संध्याकाळचे सहा, शाळेतून उशिरा परतणाऱ्या मुली सायकलवरून चाललेल्या, आणि हा सहा फूट चार इंचांचा गृहस्थ मुळ्यावर फुंकर घालतोय. तिथं त्यानं मला आपली कहाणी सांगितली, तुकड्यातुकड्यांनी आणि अजिबात रंगवून न सांगता. माझ्यासारख्याला ते ऐकवत नाही. मी त्याच्या जागी असतो तर एकेका गोलाचा अंक केला असता.

गाव स्वीडनच्या उत्तरेला. मे महिन्यापर्यंत बर्फ, मैदानावरचा बर्फ पोरांनीच फावड्यानं काढायचा आणि मग खेळायचं. वडील लाकडाच्या गिरणीत. विसाव्या वर्षी मोठ्या क्लबात गेला, एका हंगामात अकरा गोल झाले, वर्तमानपत्रात फोटो आला. "तो फोटो आईनं फ्रिजवर लावला," तो म्हणाला. "अजून आहे. त्याच्यावर दूधवाल्याचा नंबर लिहिलाय." पुढं हॉलंड; तिथं बहुतेक वेळ बाकावर बसून. मग तुर्कस्तान, तिथं प्रशिक्षक वर्षात चार बदलले. मग जपान, पण इथं नव्हे. ईशान्येकडच्या एका गावात, किनाऱ्यापासून थोडं आत. तिथं तो जानेवारीत आला आणि मार्चमध्ये भूकंप झाला.

"दहा दिवसांनी मी विमानात होतो," योनास म्हणाला. "क्लबानंच सांगितलं, जा म्हणून. दूतावासानंही सांगितलं. आईनं फोनवर रडून सांगितलं. सगळ्यांनी सांगितलं. आमच्या संघाचे कपडे धुणाऱ्या बाई होत्या, त्या मला बसपर्यंत सोडायला आल्या. त्यांचं घर गेलं होतं. त्यांनी मला वाटेसाठी भाताचे गोळे दिले. मी ते खाल्ले, दिघे. विमानात. सगळे."

मला माझ्या खणातली फरसाणाची पुडी आठवली. पण ती गोष्ट मी त्याला सांगितली नाही. तेव्हा ऐन वेळी गप्प बसणं मला एकदाच जमलं.

म्हणून तो परत आला होता. पायात बळ उरलं नव्हतं तेव्हा, दुसऱ्या फळीतल्या क्लबात, मिळेल त्या करारावर. त्याला फार काही नको होतं. पुढच्या वर्षीचा करार हवा होता. "एक हंगाम नीट खेळायचा आणि मग सगळ्यांचा निरोप घेऊन चालत जायचं. एकदा मी या देशातून पळालोय. दुसऱ्यांदा मला कुणी पाठवून दिलेलं नकोय." क्लब करारांचा निर्णय नोव्हेंबरात करतो. ऑक्टोबर लागला तेव्हा पाच मॅच उरल्या होत्या.

आणि त्याच आठवड्यात आमच्या मजल्याची कचऱ्याची पाळी माझ्यावर आली.

जपानात राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. कचरा पारदर्शक पिशवीत घालायचा, जळणारा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, काच वेगळी, प्रत्येकाचा वार वेगळा. चुकलात तर गाडीवाले पिशवी उचलत नाहीत, तिच्यावर लाल चिठ्ठी चिकटवून सगळ्यांसमोर तशीच ठेवतात. मग ज्याची पाळी असेल त्यानं ती उघडायची, कचरा वेगळा करायचा आणि धन्याला शोधून काढायचं. त्या सकाळी जाळीखाली एकच पिशवी उरली होती. आत लवचीक पट्ट्यांची भेंडोळी, बर्फाच्या फुटलेल्या पिशव्या, आणि वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं. एखाददुसरं नव्हे. पाडव्याला गाठीची माळ करतात ना, तशी माळ झाली असती. सगळ्याच्या तळाशी स्वीडिश बिस्किटांचं खोकं. धनी शोधायला फार डोकं लागलं नाही.

पिशवी घेऊन मी योनासची घंटा वाजवली. त्यानं दार उघडलं, आधी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. मी आपला धडा सुरू केला: ही चांदी लावलेली पाकिटं मंगळवारी, या पट्ट्या सोमवारी आणि गुरुवारी... तो जमिनीवरच बसला. पायजमा वर केला. गुडघा नारळाएवढा झाला होता, सोललेल्या.

"कोबेच्या एका डॉक्टरकडे स्वतःच गेलो होतो," तो म्हणाला. "क्लबाला माहीत नाही. आत कुर्चा उरलेलीच नाही. तो म्हणाला, थांब. मी म्हटलं, पाच मॅच. तो म्हणाला, तुला चालायचंय का पुढं आयुष्यात?"

"मग?"

"मग काय? पाच मॅच. एक गोल झाला तर ते ठेवतील. हिवाळ्यात विश्रांती मिळेल. क्लबाला कळलं तर आजच संपलं. कुणाला सांगू नकोस, दिघे."

मी गळ्याची कातडी चिमटीत धरून ओढली. आम्ही लहानपणापासून शपथ अशीच घेतो. योनास दचकला. "म्हणजे काय? सांगितलंस तर मी तुझा गळा दाबायचा?"

"साधारण तसंच," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी वृंदाला सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे, हे आपल्याकडे सगळेच धरून चालतात. वृंदा तेव्हा बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात अर्धवेळ काम करायची. दिवसभर शंभर डब्यांत भात भरून आलेली. ती म्हणाली, "तुमच्या पोटात हे राहायचं नाही. मी तारीख लिहून ठेवते."

नऊ दिवस राहिलं. दहाव्या दिवशी रविवारची मॅच होती. योनासनं पहिल्या अर्ध्या तासात दोनदा चेंडू सोडून दिला. धावायला गेला आणि थांबला. आमच्या मागं बसलेला एक गळपट्टेवाला ओरडला, "पळपुटा! भूकंपात बरं पळता आलं, आता मैदानात पळायला काय होतंय?" आजूबाजूला कुणी हसलं नाही, पण कुणी त्याला गप्पही केलं नाही. नाकानिशी-सान मान खाली घालून बसल्या. माझं डोकं फिरलं. मध्यंतरात नूडल्सच्या टपरीमागं मी त्यांना गाठलं आणि सांगितलं.

नुसतं सांगितलं नाही. माझं जपानी तोकडं, म्हणून करून दाखवलं. गुडघा धरला, चेंडू मारला, कळ आली, ओठ चावला, लंगडलो, पुन्हा उभा राहिलो. कोबेचा डॉक्टर मी झालो, योनासही मीच. नाकानिशी-साननी तोंडावर हात धरला, डोळे भरून आले. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. गोष्ट बसली होती. आयुष्यभर नळ विकणाऱ्या माणसाला असं यश वरचेवर मिळत नाही.

"कुणाला सांगायचं नाही हं," मी शेवटी म्हणालो.

"अर्थातच," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातात गोळी ठेवली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला आणि वृंदाला चहाला बोलावलं. खोलीभर किनमोकुसेईचा वास भरलेला, खिडकी उघडी, आणि तातामीच्या चटयांवर हिरव्या कागदाचे गठ्ठे. त्यांच्या तीन मैत्रिणी मांडी घालून कागदाचे करकोचे घडत होत्या. कुणी आजारी पडलं की हजार करकोचे करून दोऱ्यात ओवून द्यायचे, म्हणजे माणूस उठतो. सगळ्यांना एवढंच सांगितलं होतं की एका आजारी माणसासाठी आहेत. तो कोण हे खोलीत आम्हा तिघांनाच माहीत. मीही बसलो.

"दिघे-सान, ही चोच आहे?" नाकानिशी-साननी माझा पहिला करकोचा दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. "ही तर चिमणी. तीही अपघातातली."

"ह्यांना साधी चादर घडी करता येत नाही," वृंदा म्हणाली. जपानीत म्हणाली, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून.

तरी दोन आठवड्यांत मी नव्वद केले. शेवटचे वीस तर नाकानिशी-साननी न सुधारता ओवले. त्या मधल्या मॅचना योनास खेळला, एकदा त्याचा फटका खांबाच्या आतल्या बाजूला लागून बाहेर आला. आम्ही सगळे उभे राहिलो होतो. अजून दोन मॅच बाकी होत्या. मला मनापासून वाटत होतं की आता होईल.

हजार पुरे झाले त्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चहा पीत होतो. करकोचे कुठं दिसेनात. मी विचारलं, "योनासच्या दाराशी ठेवायचे ना? मी लिफ्टनं नेतो."

नाकानिशी-साननी माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "खेळाडूच्या दाराशी? असं कसं करायचं, दिघे-सान? खेळाडूला काही द्यायचं तर क्लबाच्या कचेरीतून द्यायचं. तशी पद्धत आहे. आज सकाळीच देऊन आले." आणि अभिमानानं पुढं म्हणाल्या, "फॉर्म असतो. देणाऱ्याचं नाव, कोणासाठी, आत काय आहे, कशासाठी."

मी कप खाली ठेवला. "कशासाठी, त्यापुढं काय लिहिलंत?"

"खरं तेच. योनास-सानच्या उजव्या गुडघ्याची झिजलेली कुर्चा लवकर भरून यावी म्हणून." आयुष्यात एकही रकाना त्यांनी रिकामा सोडला नव्हता. "कचेरीतल्या मुलीला तर काही ठाऊकच नव्हतं. तिनं आत जाऊन प्रशिक्षकांना बोलावलं. ते दोन दोनदा वाकून आभार मानत होते."

मी त्यांना कुणाला न सांगायला सांगितलं होतं. पण क्लब म्हणजे कुणी नव्हेच; क्लब म्हणजे योनासच्या घरचे. जसं मी वृंदाला सांगितलं, तसं त्यांनी क्लबाला सांगितलं. या हिशेबात मला आजवर चूक काढता आलेली नाही. मी कितीदा काढायला बसलोय.

मंगळवारी योनासला तपासणीला नेलं. बुधवारी तो मला लिफ्टमध्ये भेटला. पायजम्यावरून, सगळ्यांना दिसेल असा क्लबाचा मोठा पट्टा बांधलेला. मान तिरकी. एरवी आमची लिफ्ट मला फार सावकाश वाटत नाही. त्या दिवशी ती चौथ्या मजल्यापर्यंत येईतो मी माझ्या बुटांचे सगळे टाके मोजले. सहाव्या मजल्यावर त्यानं दार धरून ठेवलं आणि मला आधी जाऊ दिलं.

दहा दिवसांनी क्लबाच्या संकेतस्थळावर सूचना आली. वृंदानं वाचून दाखवली; माझ्यापेक्षा तिला जपानी जास्त वाचता यायचं. या हंगामाअखेर करार संपत आहे, आजवरच्या योगदानाबद्दल मनःपूर्वक आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा. चार ओळी, सगळ्या अत्यंत नम्र. नाकानिशी-सान त्या सकाळी जिन्यात भेटल्या. डोळे सुजलेले. माझा हात धरून म्हणाल्या, "उशीर झाला, दिघे-सान. सप्टेंबरातच सुरुवात करायला हवी होती आपण."

मी "हो" म्हणालो.

शेवटची घरची मॅच नोव्हेंबरच्या अखेरीस झाली. जाणारे खेळाडू सगळ्यांबरोबर फेरी मारतात, तशी योनासनंही मारली, सुटाबुटात, आणि आता लपवायचं काही नव्हतं म्हणून मनसोक्त लंगडत. आमच्या बाजूला आला तेव्हा त्याचं नाव आणि तीन टाळ्या झाल्या. तो गळपट्टेवालाही टाळ्या वाजवत होता. योनास वाकला, इतरांबरोबरच वर आला. क्लब दोन-शून्यानं हरला होता.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं मला घरी बोलावलं. खोकी बांधून झाली होती. खिडकीच्या दांडीला हिरवे करकोचे टांगलेले, चाळीस दोरे. मला ते काढायला मदत करायची होती, कारण त्याला स्टुलावर चढता येत नव्हतं. मी चढलो.

"कचेरीत त्यांनी मला तो फॉर्म दाखवला," योनास खालून म्हणाला. "अक्षर फार सुंदर आहे तिचं. मला वाचता आलं नाही, पण दुभाष्यानं वाचून दाखवलं. मग मी हिशेब केला. माहीत असलेला माणूस एकच."

स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाला मान खाली घालता येत नाही. घातली तर समोर तोच दिसतो. मी म्हणालो, "मीच सांगितलं."

"हो."

"रागावलास?"

"खूप," तो म्हणाला. "रोज सकाळी उठल्यावर रागावतो. मग हे समोर दिसतात. बारा वर्षं खेळलो, दिघे, चार देशांत. कसं संपेल याचा विचार मी पुष्कळदा केला होता. कागदाचे पक्षी त्यात नव्हते." त्यानं एक दोरा माझ्या हातातून घेतला, खोक्यात आडवा ठेवला. "मला क्लबानं का काढलं, हे तिला सांगितलंस?"

"नाही. तिला वाटतं आपल्याला उशीर झाला."

"ते तसंच राहू दे. हे तरी पोटात ठेव."

मी गळ्याला हात लावला नाही. तेवढी लाज मला उरली होती.

आपल्या गावी पोचल्यावर त्यानं दोनदा लिहिलं. शस्त्रक्रिया झाली, चालता येतं, धावता नाही. लाकडाच्या त्याच गिरणीत, पण कचेरीत बसायचं काम मिळालं. तिसऱ्यांदा त्यानं लिहिलं नाही आणि मीही लिहिलं नाही. त्या उरलेल्या दोन मॅचमध्ये तो गोल करता का? आठ महिने केला नव्हता. मी क्रिकेटवाला असलो तरी एवढं मला कळतं. पण खांबाच्या आतल्या बाजूला लागलेला तो चेंडू अजूनही माझ्या डोळ्यांसमोर दर ऑक्टोबरात आत जातो, आणि मग मला आठवतं की तो बाहेर आला होता.

आमची तीन वर्षांची बदली लांबत लांबत इतकी वर्षं झाली. वृंदा आता एका शाळेत शिकवते. क्लब अजून दुसऱ्याच फळीत आहे. नाकानिशी-सान ऐंशीच्या घरात आल्यात, स्टेडियमच्या पायऱ्या आता माझा दंड धरून चढतात आणि तिथं दरवर्षी एकदा तरी म्हणतात, "योनास-सानसाठी आपण महिनाभर आधी बसलो असतो तर..." मी दरवर्षी "हो" म्हणतो. ज्याच्या पोटात दहा दिवस गोष्ट राहिली नाही, त्याच्या पोटात ही एवढी वर्षं राहिलीय. वृंदाला याचं नवल वाटत नाही. ती म्हणते, "ही सांगून टाळ्या थोड्याच मिळणारायत?"

या वर्षी आमच्याकडे नवा ब्राझिलियन स्ट्रायकर आलाय. तिशी ओलांडलेला, उन्हाळ्यापासून गोल नाही. गेल्या शनिवारी सराव बघताना नाकानिशी-साननी माझ्या बरगडीत कोपर खुपसलं. "दिघे-सान, त्याचा घोटा बघितलात? मोज्याच्या आत पट्टी आहे. कुणाला सांगत नाहीये तो." आणि पर्समधून हिरव्या कागदाचा कोरा गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला. "या वेळी उशीर करायचा नाही."

खरं सांगितलं तर एका माणसाची नोकरी कदाचित वाचेल. आणि ऐंशी वर्षांच्या एका बाईला कळेल की तिनं काय केलं होतं. मी आठवडाभर दोन्ही बाजूंनी विचार केला आणि काल त्यांच्या खोलीत जाऊन बसलो. मैत्रिणींपैकी एकच उरलीय, तिलाही नीट दिसत नाही. म्हणजे बहुतेक करकोचे माझ्याच हातून व्हायचेत.

मी पहिली घडी मुद्दाम तिरकी घातली. दुसरी त्याहून तिरकी. नाकानिशी-साननी तो कागद उलगडला, मांडीवर दाबून सरळ केला, स्वतः पुन्हा घातला. त्याला त्यांना दहा मिनिटं लागली. बोटं आता कापतात. तोवर मी दुसरा बिघडवून ठेवला होता.

"तुमचे हात बिघडले हो, दिघे-सान," त्या म्हणाल्या. "पूर्वी नव्वद केले होतेत."

"वय झालं," मी म्हणालो, आणि तिसरा कागद घेतला. नोव्हेंबरची करारांची यादी लागायला अजून पाच आठवडे आहेत. काल संध्याकाळपर्यंत आमचे चार झाले.